मालक कोण? बेंगळुरूचे गिग कामगार आणि आपला माथाडी कायदा

आज बेंगळुरूला जायचंय, पण आयटी पार्कात नंतर. आधी १९४० सालात.

त्या वर्षी डिसेंबरात सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानच्या साथीने बेंगळुरूत विमानांचा कारखाना काढला. त्याचाच पुढे एचएएल झाला. मग टेलिफोन बनवणारी आयटीआय आली १९४८ मध्ये, एचएमटी १९५३ मध्ये, बीईएल १९५४ मध्ये. या कारखान्यांनी पगारासोबत अख्खं आयुष्यच दिलं: वसाहत, शाळा, दवाखाना, स्वस्त कँटीन. आयटीआयच्या वसाहतीचं नावच दूरवाणीनगर! 'मुलगा एचएमटीत आहे' म्हटलं की वाण्याकडची उधारी आणि मुलीकडच्यांचा होकार, दोन्हींची सोय व्हायची.

डिसेंबर १९८० मध्ये या सरकारी कारखान्यांत संप झाला. सव्वा लाखाच्या आसपास कामगार, तब्बल ७७ दिवस. मागणी होती भेलच्या बरोबरीने पगाराची. त्या संपातली एक साधी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या लोकांना उभं राहायला फाटक होतं. घोषणा कुठे द्यायच्या आणि कुणाला ऐकवायच्या, हे त्यांना ठाऊक होतं.

अर्थात ते दिवस सोन्याचे होते असं मी म्हणणार नाही. फाटकाच्या आत जाता आलं ते थोड्यांनाच. देशातला बहुतेक कष्टकरी तेव्हाही बाहेरच होता.

उबरने भारतात पहिलं पाऊल टाकलं ते २०१३ मध्ये, याच बेंगळुरूत. स्विगी २०१४ मध्ये इथेच जन्मली. सुरुवातीच्या घसघशीत बोनसवर विसंबून अनेकांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या. पुढे बोनस आटले, हप्ते मात्र तसेच राहिले. २०१७ च्या सुरुवातीला बेंगळुरूचे ओला-उबर चालक संपावर गेले. पण फाटक कुठलं? एकाने फोन बंद ठेवला की फेरी दुसऱ्याच्या फोनवर वाजते. शेजारी उभा असलेला माणूस सहकारी की स्पर्धक, हेच त्याला कळेनासं होतं.

पैशांइतकंच हे दुखणं समाजातल्या जागेचं आहे. जेवायला बसायची जागा नाही, स्वच्छतागृह शोधत फिरायचं. ग्राहकाने तारे कमी दिले तर दाद मागायला कुणाचा चेहरा नाही. आयडी बंद झाला की नोकरी गेली असंही म्हणता येत नाही, कारण कागदावर ती नोकरी नव्हतीच; तो म्हणे 'पार्टनर'!

आता आपल्याकडे या. मुंबईच्या गोदीत, बाजारांत पाठीवर पोती वाहणारा हमाल आज या व्यापाऱ्याचा, उद्या त्या व्यापाऱ्याचा. प्रत्येक जण म्हणायचा, हा माझा नोकर नाही. अण्णासाहेब पाटलांनी या लोकांची संघटना बांधली आणि त्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. त्याने एकच एक मालक शोधत बसण्याचा नाद सोडला. मंडळ नेमलं, तिथे हमाल आणि व्यापारी दोघांचीही नोंद. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची. त्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार. पन्नासहून जास्त वर्षं झाली याला.

कर्नाटकाने मे २०२५ मध्ये गिग कामगारांसाठी वटहुकूम काढला, नंतर त्याचा कायदा केला. त्यातही कल्याण मंडळ आहे, नोंदणी आहे, आणि कामगाराला मिळणाऱ्या रकमेच्या १ ते ५ टक्के शुल्क कंपनीने भरायचं आहे. कामावरून काढायचं तर लेखी कारण आणि १४ दिवसांची नोटीस. हे मला खरंच मोठं वाटतं.

पण माथाडीत मजुरीच मंडळाच्या हातून जायची. किती काम झालं आणि किती दाम देणं लागतं, हे तिसऱ्याच्या वहीत असायचं. बेंगळुरूत ती वही अजून कंपनीच्याच सर्व्हरवर आहे. शिवाय हमालांची टोळी असायची, एकाला दुखापत झाली तर बाकीच्यांना लगेच कळायचं. मोटरसायकलवरच्या एकट्या पोराची टोळी कोणती?

माथाडीचा कायदाही धुतल्या तांदळासारखा राहिला नाही. नावापुरते माथाडी आणि खंडणीच्या तक्रारी आपण ऐकतोच. त्यावर वेगळा भाग करावा लागेल. त्याआधी, पुढच्या वेळी, मुंबईच्या गिरण्यांतला बदली कामगार. तोही रोज सकाळी दारात उभा राहून आज काम मिळतंय का, याची वाट बघायचा.