भिंत, लहर आणि माजघर : जालन्याच्या वाड्यातून घरातील वायफायचा इतिहास

१/ जालन्याच्या जुन्या भागातील वाड्यात ब्रॉडबँडची तार येते ती ढेलजेतून, आणि राउटर बसतो बैठकीच्या कोनाड्यात. बैठकीत चित्रपट सुरळीत चालतो. माजघरात मात्र अभ्यासाचा तास मध्येच गोठतो. दोष बहुधा कंपनीला दिला जातो. वास्तविक हा प्रश्न बिनतारी लहरींइतकाच जुना आहे. त्याची उत्तरे कोणी, कोठे आणि कशी शोधली, ते या धाग्यात पाहू.

२/ आधी घर पाहू. मराठवाड्यातील पारंपरिक वाडा म्हणजे काळ्या दगडाचे जोते, दगड व पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती, लाकडी तुळया आणि वर मातीचे माळवद. उन्हाळ्याची झळ आत येऊ नये, हा या रचनेचा एक हेतू; परक्याची नजर आत जाऊ नये, हा दुसरा. म्हणून ढेलज, चौक, ओसरी, बैठक आणि सर्वांत आत माजघर, असा क्रम. झळ आणि नजर अडवणारी ही भिंत लहरीलाही क्षीण करते.

३/ हे प्रथम ज्याने तपासले तो जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश हर्ट्‌झ. १८८७-८८ मध्ये कार्लस्रुहे येथे त्याने विद्युतचुंबकीय लहरी निर्माण केल्या आणि ओळखूनही दाखवल्या. जस्ताच्या पत्र्यावरून त्या परावर्तित झाल्या. बंद लाकडी दारातून मात्र पलीकडे गेल्या. धातू लहर परतवतो, कोरडे लाकूड तिला वाट देते. घरातील वायफायचा पहिला धडा राउटर जन्माला येण्याच्या शतकभर आधीच लिहिला गेला होता.

४/ दुसरा धडा कोलकात्याचा. १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी जाहीर प्रयोगात भिंतीपलीकडे लहर पाठवून घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली. त्यांनी अभ्यासलेल्या लहरी अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या होत्या. आजच्या वायफायच्या लहरी त्यांच्यापेक्षा लांब असल्या, तरी कुळ तेच. भिंत ही लहरीसाठी पूर्णविराम नसते. पण प्रत्येक भिंत आपला कर वसूल करते.

५/ तिसरा धडा उंचीचा. त्याच सुमारास इटलीत मार्कोनीने एरियल उंच नेले, दुसरे टोक जमिनीला जोडले आणि संदेशाचा पल्ला वाढवला. तोवर यंत्राची शक्ती वाढवणे हाच मार्ग दिसत होता. यंत्राची जागा बदलूनही तेच साधते, हे येथे सिद्ध झाले.

६/ आता पुन्हा आपल्या मुलखात येऊ. जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, औरंगाबाद जिल्ह्यात होते. १९४७ मध्ये भारताच्या वाट्याला आकाशवाणीची सहा केंद्रे आली. त्यांखेरीज संस्थानांची पाच केंद्रे होती : म्हैसूर, बडोदा, त्रिवेंद्रम, हैदराबाद आणि औरंगाबाद. म्हणजे जालन्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, स्वातंत्र्यापूर्वीच नभोवाणी केंद्र होते.

७/ रेडिओच्या मध्यम लहरींची लांबी शेकडो मीटर असते. अशी लांब लहर घरांना आणि टेकड्यांना वळसा घालून पुढे जाते. तरीही जुन्या व्हॉल्व्हच्या सेटला क्षीण लहर पुरत नसे. म्हणून गच्चीवर दोन काठ्यांमध्ये तांब्याची तार किंवा जाळीची पट्टी ताणत, तिचे टोक खिडकीतून सेटपर्यंत आणत. लहर पकडायची बाहेर, उंचावर. आणि तारेने तिला आत न्यायचे. ही युक्ती लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे.

८/ त्या काळी रेडिओ बाळगण्यासाठी परवाना लागे. त्याचा पाया १९३३ चा भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा. परवान्याचे पुस्तक टपाल कार्यालयातून मिळे आणि शुल्क भरून त्याचे नूतनीकरण करावे लागे. १९८० च्या दशकाच्या मध्यात श्रोत्यांची या परवान्यातून सुटका झाली. आपल्या आजी-आजोबांच्या ट्रंकेत असे एखादे पुस्तक अजूनही सापडू शकेल.

९/ पुढे दूरचित्रवाणी आली आणि गच्च्यांवर ॲल्युमिनियमच्या आडव्या दांड्यांचे एरियल उभे राहिले. त्याचे मूळ जपानमधील उदा आणि यागी यांच्या १९२० च्या दशकातील संशोधनात आहे. हा एरियल एका दिशेनेच नीट ऐकतो. म्हणून एकजण गच्चीवर तो फिरवी आणि दुसरा खालून ‘आलं, आलं!’ असे ओरडे. दूरदर्शनचा मनोरा म्हैसमाळच्या डोंगरावर उभारण्यामागेही मार्कोनीचाच उंचीचा धडा होता.

१०/ वायफायची कहाणी १९८५ मध्ये सुरू होते. अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने मायक्रोवेव्ह ओव्हनसारख्या उपकरणांसाठी राखलेले काही पट्टे विनापरवाना संदेशवहनाला खुले केले. त्यांत २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा होता. १९९७ मध्ये पहिले तांत्रिक मानक ठरले. या लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर. ५ गिगाहर्ट्‌झची त्याहून निम्मी. साधारणतः कंप्रता जितकी जास्त, तितकी भिंतीतील हानी अधिक. म्हणूनच ५ गिगाहर्ट्‌झ जवळ वेगवान आणि दूर दुबळे.

११/ घरातील लहर एका वाटेने येत नाही. भिंती, कपाटे, छत यांवर आपटून तिचे अनेक प्रतिध्वनी थोड्याथोड्या उशिराने पोहोचतात व संदेश गढूळ करतात. यावर महत्त्वाचा उपाय शोधणाऱ्यांत ऑस्ट्रेलियातील जॉन ओ’सुलिव्हन व त्यांचे सहकारी होते. त्यामागे रेडिओ खगोलशास्त्राचा अनुभव होता. अवकाशातील क्षीण लहरी निवडण्याची विद्या अशी माजघरात उतरली.

१२/ भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने घरात व घराबाहेर परवानामुक्त झाला. अटींपैकी दोन अशा : शक्ती मर्यादेत ठेवायची आणि इतरांच्या व्यत्ययाविरुद्ध संरक्षण मागायचे नाही. ज्या देशात रेडिओ ऐकायला पुस्तक लागे, तेथे आता घरोघरी स्वतःचे छोटे प्रक्षेपण केंद्र आले. शेजाऱ्याचा राउटर आपल्या लहरीत मिसळतो, ही या मुक्ततेची किंमत.

१३/ नव्या घरात प्रश्न सुटला का? जालना ही पोलादाची नगरी. येथील कारखान्यांतून निघणाऱ्या सळया स्लॅबमध्ये जाळी होऊन बसतात. हर्ट्‌झच्या जस्ताच्या पत्र्याचे काम ही जाळी काही अंशी करते. म्हणून खालच्या मजल्यावरचा राउटर वर पुरत नाही. पत्र्याचे छप्पर, लोखंडी कपाट, मोठा आरसा हे त्याचेच भाऊबंद. पाण्याची टाकी लहर शोषून घेते, तो प्रकार निराळा.

१४/ आता इतिहासाने शिकवलेले क्रमाने करू.
• राउटर कोनाड्यातून काढा. उंच, मोकळ्या आणि शक्यतो मध्यवर्ती जागी ठेवा. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेतही लहर एक चतुर्थांश उरते.
• लहर भिंतीतून तिरपी गेली तर तिला जास्त भिंत कापावी लागते. दाराच्या रेषेत जागा शोधा.
• मोबाइलवर सिग्नल मोजत घरभर फिरा. उणे ६७ डीबीएमच्या आसपास असेल तर उत्तम. उणे ८० च्या खाली गेला की अडखळ सुरू.
• दूरच्या खोलीसाठी २.४ निवडा, गर्दी असेल तर १, ६ किंवा ११ क्रमांकाची वाहिनी घ्या.

१५/ एवढ्याने भागले नाही तर एरियलची जुनी युक्ती. राउटरपासून लॅन केबल चौकातून माजघरापर्यंत न्या आणि तेथे दुसरे ॲक्सेस पॉइंट लावा. दगडी भिंतीवर हाच उपाय सर्वांत खात्रीचा. केबल अशक्य असेल तर रिपीटर. पण तो मृत कोपऱ्यात लावून उपयोग नाही. जेथे सिग्नल अजून चांगला आहे अशा मधल्या जागी तो हवा. साधा रिपीटर एकाच वाहिनीवर ऐकतो आणि बोलतो, म्हणून वेग जवळपास निम्मा होतो.

१६/ शेवटी एक निरीक्षण. वाड्यात रेडिओचा सेट बहुधा बैठकीत असे. बातम्या आधी तेथे ऐकल्या जात आणि आतल्या बायकांपर्यंत भिंतीतून झिरपत जात. आज राउटरही त्याच बैठकीत आहे. परीक्षेचा अर्ज भरणारी मुलगी मात्र आतल्या खोलीत बसलेली असते. भिंती कोणी कशासाठी बांधल्या, हे इतिहास सांगतो. लहर कोणापर्यंत पोहोचवायची, हे आपण ठरवू शकतो. त्यासाठी पंधरा मीटर केबल पुरते.

१७/ आपल्या घरातील रेडिओचा परवाना, गच्चीवरचे एरियल किंवा वाड्याचा जुना नकाशा यांविषयी वडीलधाऱ्यांना विचारा आणि येथे जरूर लिहा. स्थानिक इतिहासाची साधने अशीच गोळा होतात. (समाप्त)