डेक्कन क्वीनचे सात डबे

भूगावात आगगाडी नाही. पुण्याहून पौडकडे जाणारा रस्ता चांदणी चौकाचा चढ ओलांडून खाली उतरला, की आमचे गाव लागते. आणि रूळ पाहावयाचे तर तोच चढ पुन्हा चढून पुणे स्टेशन गाठावे लागते. असे असूनही आमच्या घराच्या माळ्यावर गेली काही वर्षे एक आगगाडी उभी आहे. ती हाताच्या बोटांएवढ्या रुंदीच्या रुळांवर धावते आणि तिच्यापायी घरातील मंडळींची बोलणी आम्ही नित्य खातो. ह्या गाडीचे वेड आम्हांस लागले ते कोथरूडला. तेथे भाऊसाहेब जोशी ह्यांनी उभारलेले छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांस खुले झाले. मुलांना दाखवावयास म्हणून आम्ही गेलो आणि मुले कंटाळून बाहेर पडली तरी आम्ही आतच राहिलो.

श्रोतेहो, छोटी गाडी करणे हा हातांचा उद्योग आहे, अशी आमची प्रथम समजूत होती. पत्रा कापावा, रंग द्यावा, चाके बसवावी, संपले. पण पहिल्याच डब्याशी प्रश्न आला: हा डबा कोणत्या सालचा? ह्याच्या पुढे कोणता डबा, मागे कोणता? गाडीत एकूण डबे किती, त्यांत कोणत्या वर्गाचे किती, भोजनाचा डबा कोठे, गार्ड कोठे? रेल्वेचे लोक ह्याला रेकची जुळणी म्हणतात. इंजिनाची छायाचित्रे हवी तेवढी मिळतात, कारण छायाचित्र काढणारा इंजिनाकडे तोंड करून उभा असतो. त्याच्या मागील डबे धुरात, वळणात किंवा चौकटीबाहेर गेलेले असतात. जुळणीचा शोध घ्यावयाचा तो ह्या चौकटीबाहेर गेलेल्या भागाचा.

आपल्या देशातील पहिल्या गाडीचेच पाहा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास गेलेल्या गाडीस चौदा डबे होते, तीन इंजिने होती आणि आत सुमारे चारशे निमंत्रित होते, हे शाळेतील मुलेही सांगतात. इंजिनांची साहिब, सिंध, सुलतान ही नावेदेखील पाठ असतात. पण ती उत्सवाची गाडी. उत्सव आटोपल्यावर स्वतःचे पैसे मोजून जाणारे लोक ज्या गाडीत बसले तिचे डबे कोणी असे मोजून ठेवले? थाटाच्या गाडीची नोंद होते, रोजच्या गाडीची होत नाही. आणि छोट्या गाड्या करणारांनाही थाटाचीच गाडी हवी असते. आम्हीही त्यांतलेच. आम्ही डेक्कन क्वीन निवडली.

पुणेकरांसमोर डेक्कन क्वीनची महती सांगणे म्हणजे पंढरपुरात विठोबाची ओळख करून देण्यासारखे आहे. तिचा वाढदिवस दर १ जूनला स्टेशनवर केक कापून साजरा होतो. तिच्या जन्माची हकीगत मात्र थोडी सांगितली पाहिजे. मुंबई आणि पुणे ह्यांच्यामध्ये भोरघाट आहे. १८५८ साली खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडी सुरू झाली, पण घाट बांधून व्हावयाचा होता; म्हणून खोपोलीस उतरावयाचे, पालखीने, तट्टावरून किंवा पायी घाट चढावयाचा आणि वर दुसऱ्या गाडीत बसावयाचे, असा प्रकार होता. म्हणजे त्या काळच्या मुंबई-पुणे प्रवासाच्या जुळण्याच दोन. १८६३ मध्ये घाट पुरा झाला, तरी त्यात गाडीने तोंड फिरवावयाचे एक स्थानक होते. तेथे इंजिन एका टोकाचे दुसऱ्या टोकास जाई आणि पुढचा डबा मागचा होई. घाटाच्या वरचे छायाचित्र पाहून घाटाखालची गाडी जुळवू पाहणारा येथे हमखास फसतो. १९२९ च्या सुमारास ही उलटापालट बंद झाली. त्याच वर्षी कल्याण-पुणे मार्गावर विजेची गाडी आली आणि मग १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन निघाली.

जी. आय. पी. रेल्वेने तिच्यासाठी दोन रेक केले, प्रत्येकी सात डब्यांचे. एकाचा रंग रुपेरी, त्यावर लाल पट्ट्या. दुसऱ्याचा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघा. डब्यांचे खालचे सांगाडे विलायतेहून आले आणि वरची अंगे मुंबईत माटुंग्याच्या कारखान्यात घडली. आम्ही रुपेरी रेक करावयाचा ठरवले, कारण रुपेरी रंगाचा डबा घरात होता. इतिहाससंशोधनात अशीही कारणे असतात.

आता मापांविषयी थोडे, मग पुढे जाऊ. आपल्या रुंद मार्गाच्या दोन रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर. सत्त्याऐंशीपट लहान केले तर ते १९.२६ मिलिमीटर होते. पण बाजारात ह्या प्रमाणाचे म्हणून मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटरचे असतात, कारण ते परदेशातील अरुंद मार्गासाठी केलेले. म्हणजे पावणेतीन मिलिमीटर कमी. एवढ्याने काय होते, असे वाटेल. होते असे, की आपली भारदस्त गाडी आखूड धोतर नेसल्यासारखी दिसते. आम्ही स्वतः रूळ ठोकले आणि त्यात एक पावसाळा गेला.

इंजिनाच्या बाबतीत आम्ही अधिक सावध होतो. डेक्कन क्वीन ओढणाऱ्या जातीचे एक विजेचे इंजिन दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात ठेवलेले आहे. त्यावर ‘सर रॉजर लम्ले’ अशी नावाची पाटी आहे. पाटी सुंदर आहे, करावयास सोपी आहे, आणि हात शिवशिवत होते. पण लम्लेसाहेब मुंबईचे गव्हर्नर होते १९३७ ते १९४३ ह्या काळात. १९३० च्या गाडीस हे नाव लावणे म्हणजे पोराच्या बारशाला त्याच्या नातवाचे नाव ठेवणे. डोळ्यांसमोर खरी वस्तू उभी आहे, तीवर हात ठेवता येतो, आणि तरीही ती आपल्या सालास साक्ष देत नाही. आम्ही पाटी लावली नाही व त्याचा आम्हांस थोडा अभिमानही वाटला.

गावातल्या एका गोष्टीचा मोहही आम्ही असाच टाळला. आमच्या मुळशीकडे असे बोलले जाते, की डेक्कन क्वीन मुळशीच्या पाण्यावर धावली. मुळशी धरणासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. १९२१ पासून सेनापती बापट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्याग्रह केला. तरी धरण झाले आणि १९२७ मध्ये भिऱ्याचे टाटांचे वीजघर सुरू झाले. तीनच वर्षांनी विजेची राणी घाट चढू लागली. आमच्या व्याख्यानास ह्याहून चांगले वाक्य मिळते ना! पण रेल्वेने आपल्या विजेच्या गाड्यांसाठी ठाकुर्लीजवळ चोळा येथे कोळशावर चालणारे स्वतःचे वीजघर बांधले होते. तेव्हा आमची पाणी आणि राणी ह्यांची सरळ जोडणी टिकत नाही. ते वाक्य आम्ही खोडले.

एवढी सावधगिरी दाखवून आम्ही घसरलो ते अगदी सपाट जागी.

सात डबे तयार झाले. आम्ही भोजनाचा डबा केला, पहिल्या वर्गाचे डबे केले, दुसऱ्याचे केले, आणि शेवटच्या दोन डब्यांवर बारीक कुंचल्याने तिसऱ्या वर्गाचे आकडे काढले. का काढले, असे कोणी विचारते तर उत्तर देता आले नसते. गाडी म्हटली की तिसरा वर्ग असावयाचाच, ह्यात तपासून पाहावयाचे काय? पुरावा आम्ही शोधला तो रंगाचा, पाटीचा, चाकांचा. जे गृहीतच धरले होते त्याला पुरावा मागितलाच नाही.

गाडी पाहावयास म्हणून आमचे एक शेजारी माळ्यावर आले. वय ऐंशीच्या पलीकडे. त्यांचे वडील पुणे स्टेशनवर हमाली करीत, एवढे आम्हांस ठाऊक होते. गृहस्थांनी चष्मा पुसला, इंजिनापासून एकेक डबा पाहत शेवटापर्यंत आले आणि म्हणाले, “ह्यात थर्ड क्लास कुठनं आला? ह्या गाडीला नव्हता. आमचं वडील म्हनायचे, ही सायबाची गाडी, आपली मागनं येती.”

आम्ही त्यांना थोडे हसूनच उत्तर दिले, की अहो, ऐकीव गोष्टी आहेत, पाहू. आणि मग पाहिले. रेल्वेच्या इतिहासात हे साधेपणाने नमूद आहे. आरंभी डेक्कन क्वीनला पहिला आणि दुसरा हे दोनच वर्ग होते. १ जानेवारी १९४९ पासून पहिला वर्ग काढून टाकला आणि दुसऱ्यालाच पहिला म्हणू लागले. तिसरा वर्ग त्या गाडीस लागला जून १९५५ मध्ये. म्हणजे पंचवीस वर्षे ही गाडी रोजच्या कष्टकरी माणसाच्या डोळ्यांदेखत येत होती, जात होती, त्याच्या डोक्यावरचे सामान तीत चढत होते, आणि त्याला तीत बसावयास जागा नव्हती. पैसे असते तर बसता आले असते, हे खरे. पण त्याच्या ऐपतीचे तिकीटच छापलेले नव्हते. स्वातंत्र्यानंतरही पावणेआठ वर्षे हे असेच चालू राहिले, ही गोष्ट आम्हांस अधिक बोचली.

एकदा हे कळल्यावर डब्यांवरील आकडे पाहण्याची आमची दृष्टीच बदलली. १९७४ च्या एप्रिलपासून तिसरा वर्ग हे नाव रद्द झाले आणि त्यालाच दुसरा म्हणू लागले. आता एखाद्या छायाचित्रात डब्यावर दोनचा आकडा दिसला, तर तो कोणता दुसरा? १९४९ पूर्वीचा असेल तर तो डेक्कन क्वीनमधील वरच्या दोन वर्गांपैकी एक. १९७४ नंतरचा असेल तर सर्वांत खालचा. आकडा तोच आणि आतील माणसे वेगळी. डब्याची घडणही सालाप्रमाणे पाहावी लागते. १९६६ साली जुने डबे जाऊन पेरांबूरच्या कारखान्यातील पोलादी डबे आले. टक्कर झाली तरी एक डबा दुसऱ्यात घुसू नये, अशी त्यांची बांधणी होती. त्यांची लांबी सुमारे २१ मीटर ३४ सेंटिमीटर, म्हणजे आमच्या मापाने साडेचोवीस सेंटिमीटर. गाडी बारा डब्यांची झाली, तर आमच्या माळ्यावर तिला तीन मीटर जागा लागते. जून २०२२ मध्ये आलेले नवे डबे त्याहूनही लांब आहेत. त्यांना माळा पुरणार नाही, भिंत फोडावी लागेल, आणि त्यास घरातून संमती नाही.

१ जून १९३० ह्या दिवसाविषयीही आम्ही पुन्हा वाचावयास बसलो. तोवर तो आमच्या लेखी केवळ गाडीचा वाढदिवस होता. ते वर्ष मिठाच्या सत्याग्रहाचे. त्याच्या फेब्रुवारीत जी. आय. पी. च्या कामगारांनी संप केला होता. आणि ज्या दिवशी राणी प्रथम निघाली त्याच १ जूनला मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांवर सुमारे पंधरा हजार लोक चालून गेले. राणीचे डबे जेथे घडले तो माटुंग्याचा कारखाना आणि वडाळा ह्यांत अंतर ते किती! एका बाजूस रुपेरी डबा, दुसऱ्या बाजूस चिखलातून मूठभर मीठ उचलणारा माणूस, ही दोन्ही चित्रे एकाच तारखेची आहेत, आणि आमच्या माळ्यावर त्यांपैकी एकच होते.

शेजाऱ्यांची आम्ही क्षमा मागितली. त्यांना त्याचे विशेष वाटले नाही. त्यांना दुसरेच सांगावयाचे होते. वडिलांनी त्यांना लहानपणी एकदा ह्या गाडीतून मुंबईस नेले होते, तिकीट काढून. कोणत्या साली, असे विचारता ते म्हणाले, पानशेतच्या आधी. मुठेकाठच्या माणसाला ह्याहून अचूक पंचांग नाही. पानशेत फुटले १२ जुलै १९६१ रोजी. म्हणजे तो प्रवास जून १९५५ आणि जुलै १९६१ ह्यांच्या मधला, तिसऱ्या वर्गातला, आणि जुन्या डब्यांच्या काळातला. इतका बंदिस्त पुरावा आम्हांस कोणत्याच छायाचित्राने दिला नव्हता. आत काय पाहिले, असे आम्ही खोदून विचारले. गादी कशी होती, खिडक्या कशा होत्या, ते त्यांना आठवेना. वडील सबंध वाटभर सामान खाली न ठेवता मांडीवर घेऊन बसले होते, एवढे आठवत होते. कर्जतला लोक खाली उतरून खात होते. वडील उतरले नाहीत, जागा जाईल म्हणून.

परदेशात ह्या छंदाच्या जाणत्या मंडळी आहेत. विलायतेत तर १९५० सालापासून जुन्या रेल्वेचा इतिहास तपासून प्रतिकृती करणारांची संस्था आहे. तेथे कंपन्यांनी छापलेली डब्यांच्या जुळणीची पुस्तके अभ्यासली जातात. आपल्याकडेही कामकाजाची वेळापत्रके, जुळणीचे हुकूम, अपघातांच्या चौकशीचे अहवाल हे कागद आहेत, आणि रद्दीच्या दुकानात जाण्यापूर्वी ते कोणीतरी राखले पाहिजेत. पण त्यांच्याबरोबर गाडी सुटताना फलाटावर मागे राहणाऱ्या माणसांनाही विचारून घ्यावे, अशी आमची आता सूचना राहील. ती माणसे ऐंशी-पंच्याऐंशीच्या घरात आहेत, आणि कागदांइतकीही टिकणारी नाहीत.

त्या संध्याकाळी आम्ही पाते घेऊन शेवटच्या दोन डब्यांवरील आकडे खरवडावयास बसलो. एक डबा झाला होता. शेजारी बाजूस बसून पाहत होते. दुसऱ्याला पाते लावणार, तोच त्यांनी हात पुढे केला आणि डबा उचलून स्वतःकडे घेतला. “ह्यो राहू द्या,” ते म्हणाले, “पंचावन्न सालाला लागंल.” आम्ही तो पुठ्ठ्याच्या खोक्यात घातला आणि खोक्यावर ‘जून १९५५’ असे लिहून ठेवले. १९३० च्या गाडीस सातवा डबा आता पहिल्यापासून करावयाचा आहे.