निर्गुडी: खारबावच्या बांधापासून अमेरिकेच्या मेपलपर्यंत

१/१२
उत्तर अमेरिकेतील नदीकाठांवर वाढणाऱ्या एका मेपल वृक्षाचे शास्त्रीय नाव आहे 'एसर नेगुंडो'. यातील 'एसर' लॅटिन आहे. 'नेगुंडो' मात्र आपली निर्गुंडी. कोकणातील शेताच्या बांधावरचे झुडूप अटलांटिकपलीकडच्या वृक्षाच्या नावात कसे शिरले, त्याचा हा इतिहास. #थ्रेड

२/१२
प्रारंभ खारबावपासून करू. भिवंडी तालुका, वसई–दिवा रेल्वेमार्गावरील एक स्थानक. गावाच्या नावात 'खार' आणि 'बाव' म्हणजे विहीर, हे दोन्ही कोकणी शब्द ऐकू येतात. जवळून वाहणारी खाडी पश्चिमेला वसईपाशी समुद्रास मिळते. या टापूत ओढ्याकाठी आणि बांधांवर निर्गुडी सहज आढळते.

३/१२
हाताच्या बोटांसारख्या तीन किंवा पाच पर्णिका, पानांची पाठ राखाडी, फुलांचे निळसर-जांभळे तुरे. जनावरे सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला उत्तम. पाने सांधेदुखीवर शेकायला, वाफाऱ्याला आणि धान्याला कीड लागू नये म्हणून कणगीत. संस्कृतात तिला निर्गुंडी आणि सिंदुवारही म्हणतात. 'कुमारसंभवा'तील पार्वती मोत्यांच्या जागी सिंदुवाराची फुले लेवून येते.

४/१२
१५३४. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तहान्वये वसई पोर्तुगीजांना दिली. त्याच वर्षी गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य भारतात आला. पुढे तो गोव्यात स्थायिक झाला आणि १५५० च्या दशकात मुंबई बेट त्याला कायम भाडेपट्ट्याने मिळाले. वसई, साष्टी, घारापुरी हा सारा परिसर त्याच्या परिचयाचा होता.

५/१२
१५६३ साली गोव्यात त्याचा ग्रंथ छापून निघाला. विषय: भारतातील औषधी द्रव्ये. मांडणी संवादरूप, प्रश्न विचारणारा रुआनो हा कल्पित वैद्य आणि उत्तरे देणारा स्वतः ओर्ता. ग्रीक-अरबी ग्रंथांतील वचनांपेक्षा प्रत्यक्ष पाहिलेले व स्थानिकांकडून ऐकलेले त्याने अनेकदा अधिक प्रमाण मानले. त्या काळी हे धाडसच होते.

६/१२
याच ग्रंथात एक प्रकरण 'नेगुंदो'वर आहे. निर्गुंडीचे हे पोर्तुगीज कानांनी ऐकलेले रूप. येथील लोक दुखण्यांवर हे झुडूप कसे वापरतात, याची नोंद ओर्ताने केली. ही माहिती देणारे कोण? मालुपा नावाचा एक हिंदू वैद्य आणि वनस्पती आणून देणारी दासी अंतोनिया ग्रंथात भेटतात. बाकीचे बहुतेक निनावीच राहिले.

७/१२
ओर्ता जन्माने ज्यू वंशाचा. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन सुरू झाले. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळण्यात आले. १५८० मध्ये ओर्ताच्या अस्थीही उकरून जाळल्या गेल्या. मृत माणसालाही धर्मपीठाने शिक्षा दिली.

८/१२
ग्रंथ मात्र तोवर हाताबाहेर गेला होता. वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियस याला तो लिस्बनमध्ये मिळाला. त्याने लॅटिनमध्ये केलेला संक्षेप १५६७ मध्ये अँटवर्पला प्रसिद्ध झाला. १५७८ मध्ये क्रिस्तोबाल आकोस्ताच्या स्पॅनिश ग्रंथातही नेगुंदो आला, तोही चित्रासह. गोव्यात नोंदलेला शब्द आता युरोपभरच्या विद्वानांच्या मेजावर होता.

९/१२
शतकभराने डचांच्या 'होर्तुस मलबारिकुस'मध्ये निर्गुडी पुन्हा अवतरली, मलयाळम 'नोच्चि'वरून आलेल्या 'बेम-नोसी' या नावाने. या बारा खंडी ग्रंथाचा पहिला खंड १६७८ चा. त्यात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोचीतील कोकणीभाषक वैद्यांचे प्रमाणपत्र नागरी लिपीत छापले आहे. इथे माहिती देणाऱ्यांना निदान नाव मिळाले.

१०/१२
१७५३. कार्ल लिनियसने वनस्पतींना द्विपदी नावे देताना निर्गुडीला 'वायटेक्स नेगुंडो' म्हटले. त्याच ग्रंथात एका अमेरिकी मेपललाही नाव द्यायचे होते. बहुतेक मेपलचे पान अखंड, पंजासारखे. याचे मात्र पर्णिकांत विभागलेले, निर्गुडीची आठवण करून देणारे. म्हणून तो झाला 'एसर नेगुंडो'. दोन्ही वनस्पतींचा एकमेकींशी निकटचा संबंध नाही.

११/१२
खरे नाते पुढे उलगडले. निर्गुडी दीर्घकाळ व्हर्बिनेसी कुलात गणली जाई. १९९० च्या दशकात रचना आणि डीएनए यांच्या अभ्यासातून ती पुदिन्याच्या लॅमिएसी कुलात आली. म्हणजे अंगणातली तुळस आणि रानातला साग हे तिचे कुळबंधू ठरले.

१२/१२
ओर्ताच्या अस्थी जाळल्या गेल्या, त्याला माहिती देणाऱ्या बहुतेकांची नावे विस्मृतीत गेली. त्यांनी उच्चारलेला शब्द तेवढा उरला. आज भिवंडी तालुका गोदामांसाठी ओळखला जातो. शेताचा बांध बुजला की त्यावरची निर्गुडी जाते आणि तिचा उपयोग सांगणाऱ्या आजीचे ज्ञानही ऐकणाऱ्यावाचून राहते. 'नेगुंडो' जगभरच्या वनस्पतिकोशांत सुरक्षित आहे. निर्गुडी ओळखणारे डोळे मात्र गावातच टिकावे लागतील.