कर्जखतापासून इंटरनेटच्या बिलापर्यंत

व्याख्यानमालेच्या चालकांनी मला इतिहासावर बोलावयास सांगितले, तेव्हा मी संकोचलो. माझी शाळा लवकर सुटली; पुढचे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, कंदिलाशी आणि पुढे ट्यूबलाइटशी भांडत. पण कामगाराच्या पगारातून काय कापले आणि कोणत्या नावाने कापले, हे शोधण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत. तेव्हा त्याच नजरेने मागे पाहावे असे ठरविले.

निमित्त अगदी साधे झाले. आमच्या कचेरीत इंटरनेट घेतले. घेताना सांगितले, महिना ४९९ रुपये. १८ टक्के जीएसटी धरला की ते ५८८ रुपये ८२ पैसे होतात. कर सरकारचा, म्हणून तो सोडून देऊ. परंतु बिलात त्याखाली राउटरचे भाडे होते, जोडणीचा आकार होता, आणि कोणी न मागितलेली सिनेमे पाहण्याची एक सेवाही होती. फोन केला तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "काका, अटी तुम्हीच मान्य केल्या आहेत." खरेच होते. मोबाइलवर एका चौकोनात मी बरोबरची खूण केली होती.

खूण केली म्हणजे सगळे कबूल, हे उत्तर आपल्या मुलखाला नवे नाही. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात तेच उत्तर अंगठ्याच्या जोरावर मिळत असे. कुळाने कर्जखतावर अंगठा उठविला की कागदावरचा आकडा खरा ठरे. हातात प्रत्यक्ष किती रुपये पडले, व्याज आगाऊ किती कापले, हे कागद बोलत नसे. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जखतावर दावा करण्यास तीन वर्षांची मुदत घातली. कुळाच्या संरक्षणासाठी केलेली ही तरतूद कुळाच्याच गळ्याशी आली. मुदत संपत आली की सावकार नवे खत लिहून घेई, थकलेले व्याज मुद्दलात मिसळे, आणि पुन्हा अंगठा. फेडलेल्या पैशाची पावती नाही, वही सावकाराच्या पेटीत.

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील कर्डे गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांचे काम करावयाचे नाही, त्यांना सेवा द्यावयाची नाही. माझ्यासारख्याला यात संपाची ओळख पटते. पुढे १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी दंगा झाला, आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही, की जमावाचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या दप्तरावर होता. कर्जखते मागावीत आणि जाळावीत. निरक्षर माणसांना नेमके ठाऊक होते की आपले दुःख कोणत्या कागदात आहे.

सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. या कायद्यातील दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. कुळाला प्रत्येक भरण्याची लेखी पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मिळण्याचा हक्क आला. दुसरी गोष्ट याहून मोठी. न्यायाधीशाने खतावरच्या आकड्यापाशी न थांबता व्यवहार पहिल्यापासून तपासावा, मुद्दल व व्याज यांचा हिशेब वेगळा मांडावा, असे कायद्याने सांगितले. अंगठा हा शेवटचा शब्द राहिला नाही.

पण हा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता. आपल्या कायगावचा माणूस गोदावरी ओलांडून टोक्याला गेला की नगर जिल्ह्यात जाई, म्हणजे त्या कायद्याच्या छायेत. परत अलीकडे आला की निजामाच्या राज्यात. तेथे सावकारीला लगाम घालणारे कायदे १९३० च्या दशकाच्या अखेरीस आले. मधली पन्नासाहून अधिक वर्षे नदीच्या या काठाने पासबुकाच्या हक्कावाचून काढली.

आता बिलाकडे येऊ. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले, आणि दूरसंचार नियामक प्राधिकरण १९९७ मध्ये. प्राधिकरणाने २०१३ मध्ये सांगितले की जादा सेवा ग्राहकाच्या दुहेरी संमतीवाचून लावू नये. २०१६ मध्ये सांगितले की ठरावीक डेटा संपल्यावर वेग किती उतरेल हे आधीच स्पष्ट करावे. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीचे तेरा प्रकार नोंदले. त्यांत किंमत थेंबाथेंबाने उघड करणे आहे, आणि न मागितलेली वस्तू हळूच टोपलीत टाकणेही आहे. आमचा सिनेमा त्यातलाच!

मात्र दूरसंचार नियामक एकेका ग्राहकाचा तंटा सोडवीत नाही. ग्राहक मंचाकडे जावे, तर २००९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने १८८५ च्या तार कायद्यातील लवादाकडे बोट दाखविले आणि मंचाचे दार लोटले गेले. अहमदाबादच्या एका ग्राहकाला २०१३ मध्ये मोबाइलचे चोवीस हजारांहून अधिक रुपयांचे बिल आले होते. त्याच्या प्रकरणात २०२२ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ते दार मोकळे केले. खूण केलेल्या चौकोनाच्या मागे जाऊन हिशेब पाहण्याची वाट अशी पुन्हा मिळाली.

आमच्या कचेरीचे सांगावयाचे राहिले. मी कंपनीला साध्या मराठीत पत्र धाडले: भाडे कोणत्या करारान्वये, सेवा कोणाच्या संमतीने, प्रत्येक रकमेचा वेगळा हिशेब द्यावा. तिसऱ्या आठवड्यात सिनेमाची रक्कम परत जमा झाली. जोडणीच्या आकाराचे कारण त्यांनी लेखी कळविले. राउटरच्या भाड्याचे उत्तर अद्याप आलेले नाही. ते बिल फाइलीत वेगळे लावून ठेवले आहे.