पिकात शिरलेला बैल आणि कोंडवाड्याची पावती



रब्बीच्या ज्वारीत दाणा भरू लागला की आमच्या घरातले कोणी ना कोणी रात्री शेतावर वस्तीला जात असे. चार मेढी रोवून उभा केलेला माळा, वर कडब्याचे छप्पर, एक घोंगडी, एक गोफण आणि खाली शेणकुटाचा धुमसता जाळ. दिवसभर पाखरे हाकायची, रात्री गुरांवर कान ठेवायचा. मी आठ-नऊ वर्षांचा असताना चुलत्यांबरोबर असाच माळ्यावर झोपायला गेलो होतो. पहाटेच्या प्रहरी ते जरा आडवे झाले आणि मला म्हणाले, "जागा राहा." मी जागा राहिलो नाही. उजाडले तेव्हा भावकीतल्या एका आबांचा बैल आमच्या ज्वारीत उभा होता आणि दोन पट्टे ज्वारी भुईसपाट झालेली होती.

चुलत्यांनी बैल धरला आणि थेट गावच्या कोंडवाड्यात नेऊन घातला. आबा धावत आले. "अरे, दावं तुटलं. मी काय मुद्दाम सोडला का?" चुलते म्हणाले, "आबा, दावं तुटलं हे कबूल. पण कणसं गेली ती माझी." आबांनी दंड भरला, पावती घेतली, बैल सोडवून नेला. पुढे बरीच वर्षे दोन्ही घरांचे जाणे-येणे बंद होते. मी मात्र मनातल्या मनात एकच विचारीत असे : आबांचे पैसे गेले, आमची कणसे गेली, मग ते दंडाचे पैसे कोणाला मिळाले? इतिहास शिकवायला लागल्यावर या प्रश्नाचे उत्तर मला सापडले, आणि तेच आज आपल्याला सांगायचे आहे.

पिकात दुसऱ्याने शिरणे ही तक्रार शेतीइतकीच जुनी आहे. फार मागे न जाता सतराव्या शतकाकडे पाहू. त्या काळी शेतकऱ्याला सर्वांत मोठी धास्ती बैलाची नव्हती. फौजेच्या घोड्यांची होती. फौज मग शत्रूची असो की आपली. चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी पाठवलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. त्यात महाराजांनी बजावले आहे, की साठवलेला दाणा-वैरण आताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, आणि मग शिपाई कुणब्यांच्या घरी जाऊन कोणी दाणे, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजीपाला उचलू लागतील. असे झाले तर रयतेला आपल्यापेक्षा मोगल बरे वाटतील. हे पत्र आपण महाराजांची थोरवी म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण जरा शेताच्या बांधावर उभे राहून वाचून पाहा. इतक्या कडक शब्दांत ताकीद द्यावी लागली, याचा अर्थ एरवी फौजा काय करीत असतील? पुढे पेशवाईच्या कागदांत 'पायमल्ली' हा शब्द येतो. फौजेच्या पायाखाली पीक तुडवले गेले, म्हणून सारा माफ करावा, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. भरपाई पुरेशी मिळे असे मुळीच नाही. पण ज्याचे पीक गेले त्याचे काहीतरी देणे लागते, ही कल्पना त्या शब्दात आहे. ती लक्षात ठेवा.

आता गावातल्या गुरांचे पाहू. जुन्या गावगाड्यात गुरांना चरायला गायरान होते, पडीक जमीन होती, डोंगर होता. गुराखी सकाळी घरोघरची गुरे गोळा करी, दिवसभर चारून तिन्हीसांजेला परत आणी, आणि वर्षाकाठी त्याला धान्य मिळे. गावच्या राखणीचे काम महारांकडे, काही भागांत रामोशांकडे असे. शिवेचा तंटा पडला तर महाराची साक्ष मोठी मानली जाई. एखाद्याचे जनावर पिकात शिरले, तर पाटील आणि चार शहाणी माणसे नुकसान पाहून तोड काढीत.

हे ऐकून कोणी म्हणेल, केवढे छान होते! तसे म्हणण्याची घाई करू नये. दिवसरात्र राखणारा महार त्या राखणीच्या बदल्यात तुटपुंजे वतन आणि वर अपमान घेत होता. म्हणून तर डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या प्रश्नावर विधेयक आणले. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने रद्द व्हायला पुढे १९५८ साल उजाडावे लागले. गाव सुखाने झोपत होते, कारण कोणीतरी जागत होते, आणि त्या जागणाऱ्याला झोपेची किंमत कधीच मिळाली नाही.

याच गावगाड्यात एक मौजेची गोष्ट होती, आणि अजून काही ठिकाणी आहे. धनगराचा कळप उभ्या पिकात शिरला तर काठ्या निघतात. तोच कळप पीक निघाल्यावर शेतात बसवायला आपण आमंत्रण देतो, वर धान्य किंवा पैसे देतो, कारण लेंडीखतासारखे खत नाही. मेंढरे तीच, शेत तेच. फरक दोन महिन्यांचा. तेव्हा गुरांचे शिरणे हा मुळात वेळेचा आणि बोलाचालीचा प्रश्न होता.

इंग्रजी अमलात त्याचा कायद्याचा प्रश्न झाला. १८५७ साली पहिला आणि १८७१ साली सुधारलेला असे गुरांच्या अतिक्रमणाचे कायदे झाले. १८७१ चा कायदा शिक्षकांनी एकदा मुद्दाम वाचावा. इतका छोटा आणि इतका बोलका कायदा विरळा. पिकात शिरून नुकसान करणारे जनावर शेतकऱ्याने धरावे आणि कोंडवाड्यात पाठवावे. दंडाचा दर ठरलेला : हत्तीला २ रुपये, उंट किंवा म्हशीला ८ आणे, घोडा, बैल, गाय यांना ४ आणे, वासरू, गाढव, डुकराला २ आणे, शेळी-मेंढीला १ आणा. शिवाय कोंडवाड्यातल्या वैरणीचा खर्च वेगळा. मालक आला नाही तर नोटीस, आणि मुदत संपली की लिलाव. धरलेले जनावर जबरदस्तीने सोडवले तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड. चार आण्यांच्या बैलासाठी पाचशे रुपये! साहेबाला पिकापेक्षा कोंडवाड्याच्या फाटकाची काळजी अधिक होती की काय, असे वाटावे.

आता माझ्या लहानपणच्या प्रश्नाकडे येऊ. त्या दंडातला एक पैसाही ज्याचे पीक गेले त्याला मिळत नसे. दंड सरकारी हिशेबात जमा. पीकवाल्याला भरपाई हवी तर त्याने दिवाणी कोर्टात वेगळा दावा लावावा, तशी मुभा कायद्याने ठेवलेली होती. दोन पट्टे ज्वारीसाठी कोण तालुक्याला खेपा घालणार, वकील कोण देणार? म्हणजे पीक गेलेला शेतकरी हात चोळीत राहिला, गुरे धरलेला शेतकरी दंड भरून आला, आणि दोघांतले बोलणे मात्र कायमचे तुटले. पूर्वी पाटलाच्या ओट्यावर निदान दोघे समोरासमोर बसत. कोंडवाड्यामुळे बसण्याचे कारणच राहिले नाही. आमच्या घराचे आणि आबांच्या घराचे जे झाले, ते गावोगाव शंभर वर्षे होत आलेले होते.

बरे, गुरे पिकात का शिरत? मालक बेफिकीर असतो हे काही वेळा खरे आहे. पण त्याच सुमारास गुरांची चरण्याची जागाही कमी होत होती, हे विसरून चालणार नाही. जमिनीची मोजणी झाली, आकार ठरला, पडीक जमिनी नांगराखाली आल्या. १८७८ च्या वन कायद्याने डोंगरांना हद्दी पडल्या. कालपर्यंत ज्या रानात गुरे जात, तिथे आज जाणे हा गुन्हा झाला. राखीव जंगलात शिरलेली गुरेही कोंडवाड्यात जाऊ लागली. पुढे १९२७ च्या वन कायद्यात तर गाय-बैलाचा दंड १ रुपयापर्यंत वाढवण्याची सोय होती. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला. त्यात जंगल खात्याने चराऊ राने बंद केल्यावरचा त्यांचा संताप आहे. शेळी-मेंढीला श्वास घ्यायला जागा उरली नाही, असा त्यांच्या तक्रारीचा रोख आहे. ठाणे-कुलाबा भागात ओरड इतकी वाढली की १८८५ साली सरकारला जंगलाच्या तक्रारींसाठी कमिशन नेमावे लागले. एका हाताने गायरान काढून घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने कोंडवाडा बांधायचा, अशी ती तऱ्हा होती. यात शेतकरी आज फिर्यादी असे तर उद्या आरोपी, कारण पीकही त्याचेच आणि गुरेही त्याचीच.

मग कुंपण का घातले नाही, असे शहरातले लोक विचारतात. कुंपण घालणाऱ्यांचीही एक कथा आहे. अमेरिकेतून आलेला फड्या निवडुंग आपल्याकडे बांधाबांधाला लावला गेला. पाणी नको, निगा नको, गुरू शिरत नाही. याहून स्वस्त कुंपण कोणते? पण निवडुंग बांधावर थांबला नाही. तो शेतात आला, गायरानात पसरला, गावठाणाला भिडला. साप, उंदीर, रानडुकरे यांना आसरा झाला. गुरांना आत येऊ न देणारे कुंपण स्वतःच पिकात शिरले! कोयत्याने तोडावे तर पडलेल्या प्रत्येक फडीतून नवे झाड. शेवटी १९२६ च्या सुमारास श्रीलंकेतून आणलेल्या कोचिनील जातीच्या किड्याने दक्षिण भारतातल्या या निवडुंगाचा फडशा पाडला. पांढऱ्या कापसासारखे पुंजके फडीवर दिसतात ना, तोच हा किडा. चिमटीत चिरडला तर बोट लाल होते. शाळेच्या आसपास कुठे निवडुंग उरला असेल तर शिक्षकांनी मुलांना अवश्य दाखवावा.

आता कुत्र्यांविषयी. गुरांना निदान मालक असतो, मोकाट कुत्र्याला तोही नाही. शहराचा अनुभव सांगतो. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईत कुत्र्यांवरून दंगल झाली होती. भटकी कुत्री मारणाऱ्यांना सरकार दर कुत्र्यामागे बक्षीस देई. बक्षिसाच्या लोभाने पाळलेली कुत्रीही मारली जाऊ लागली, तेव्हा पारशी मंडळी चिडली, हिंदू व्यापारीही त्यांना मिळाले, बाजार बंद पडला. सांगायचे एवढेच, की कुत्र्यांचा प्रश्न हुकूम काढून सुटत नाही, हे सरकारला जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीच कळायला हवे होते.

खेड्यात कुत्री वाढण्याला आपल्या काळात एक निराळेच कारण झाले. पूर्वी मेलेले ढोर गावाबाहेर टाकले की गिधाडांचा थवा उतरे आणि थोड्या वेळात हाडे तेवढी उरत. १९९० नंतर ही गिधाडे दिसेनाशी झाली. आजारी गुरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक नावाचे औषध देत; असे जनावर मेल्यावर त्याचे मांस खाल्लेल्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. पांढऱ्या पाठीची गिधाडे तर शंभरातली नव्व्याण्णवहून अधिक गेली. २००६ साली गुरांसाठी या औषधावर बंदी आली, पण तोवर ताट मोकळे झाले होते, आणि त्या ताटावर कुत्री बसली. ढोरावर पोसलेली टोळी पुढे शेळीच्या करडांवर जाते, मेंढरांच्या वाघरात शिरते, आणि शाळेच्या वाटेवर मुलांच्या मागे लागते. २००१ च्या नियमांनी कुत्री मारण्याऐवजी त्यांची नसबंदी करावी, लस टोचावी आणि जिथून धरली तिथेच सोडावी असे ठरले. २०२३ साली हे नियम नव्याने आले. नियम दयेचा आहे, पण तो राबवायला डॉक्टर, गाडी आणि पिंजरा लागतो, आणि या तिन्ही गोष्टी वाडीवस्तीवर सहसा पोचत नाहीत. मधल्या मधे एक सांगून ठेवतो : कुत्रे चावले तर चुना, मिरची, हळद काही भरू नका, जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी लशीसाठी दवाखाना गाठा. पाश्चरने १८८५ साली पहिल्या मुलाला ही लस टोचली. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर मात्र माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

गुरांची गोष्टही पुढे सरकली आहे. ट्रॅक्टर आला, बैलाचे काम गेले. २०१५ पासून महाराष्ट्रात गाईप्रमाणे बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे. थकलेल्या बैलाला गिऱ्हाईक नाही आणि घरी वैरण नाही, अशा पेचात सापडलेला शेतकरी रात्री त्याचे दावे सोडतो, आणि तो बैल कोणाच्या तरी हरभऱ्यात उजाडतो. कोणी यावर तारेत विजेचा प्रवाह सोडतात. रानडुकरासाठी सोडलेल्या त्या विजेने माणसे मेली आहेत, कधी शेजारी, कधी तार लावणाराच. हे बेकायदा तर आहेच.

आमच्या गावचा कोंडवाडा पुढे ग्रामपंचायतीकडे होता. मागच्या दिवाळीत गेलो तेव्हा त्याच्या दगडी भिंती उभ्या होत्या, फाटक नव्हते, आत पाइपांचे तुकडे आणि मोडका कचऱ्याचा डबा पडला होता. चुलते आता थकले आहेत. आबा गेले, त्यांचा मुलगा आणि चुलते दोघे मिळून बांधावर तारेचे कुंपण घालायच्या विचारात होते. खर्च निम्मा-निम्मा. पहाटे बैल कसा शिरला ते मी त्या दिवशी पहिल्यांदा चुलत्यांना सांगितले. ते म्हणाले, "मला ठाऊक होतं. मी उठलो तेव्हा तू घोरत होतास."