दिनविशेष : १४ ऑक्टोबर : चित्तरंजनचे ‘लोकमान्य’ रुळांवर

१९६१ : देशात बांधलेल्या पहिल्या विद्युत रेल्वे इंजिनाचे पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते पश्चिम बंगालमधील चित्तरंजन कारखान्यात लोकार्पण. इंजिनाला नाव मिळाले ‘लोकमान्य’.

मुंबई-पुणे मार्गावर १५०० व्होल्ट डीसी विजेवर गाड्या १९३०च्या सुमारासच धावू लागल्या होत्या. पण इंजिने मात्र परदेशातून येत. ‘डब्ल्यूसीएम-५’ वर्गाच्या या इंजिनाने ती परंपरा मोडली. सहाही आसांना स्वतंत्र मोटर असल्याने मालगाडी आणि प्रवासी गाडी, दोन्ही ओढण्याची ताकद त्यात होती. बोरघाटातला ३७ फुटांना एक फूट हा चढ म्हणजे इंजिनांची खरी कसोटी. पुढे ‘दख्खनची राणी’ही या वर्गाच्या इंजिनांनी ओढली.

घाट चढून लोणावळ्यामार्गे पुण्याकडे येताना लागणाऱ्या चिंचवड-पिंपरीत तेव्हा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा होता; एमआयडीसीची स्थापना मात्र १९६२ची. उद्योगनगरी आकाराला येत गेली, ती याच विद्युत मार्गाच्या कडेने. १९६३ मध्ये चित्तरंजनने २५ हजार व्होल्ट एसीवरचे ‘विधान’ इंजिन बांधले. आज मुंबई-पुणे मार्गही त्याच एसी प्रणालीवर चालतो.