देवळाचे दार आणि जाहिरातीचे पैसे

आकुर्डीत जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगतच्या बजाज ऑटोच्या आवारावरून मी असंख्य वेळा गेलो आहे. समाजातली दुफळी कमी करण्यात उद्योगपतींचा वाटा कितपत, हे शोधू लागलो तेव्हा मात्र धागा सापडला वर्ध्यात.

१९२८ साली जमनालाल बजाज यांनी तिथले आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुले केले. विनोबा सोबत होते. सनातन्यांचा रोष ओढवला. व्यापाऱ्याला असा रोष महाग पडतो. त्याची पत, सोयरीक, उधार-उसनवार सारे त्याच समाजात असते. पुढच्याच वर्षी पुण्यात पर्वतीच्या देवळासाठी सत्याग्रह झाला. सत्याग्रहींना मार बसला आणि दार बंदच राहिले. वर्ध्याची माणसे पुण्याहून उदार होती असे मला वाटत नाही. तिथे दाराची किल्ली एका घराच्या हातात होती आणि त्या घराने ती वापरली, एवढेच.

ऑक्टोबर २०२०मध्ये, टीआरपी घोटाळ्याचा गाजावाजा चालू असताना, जमनालालांचे पणतू राजीव बजाज यांनी एका मुलाखतीत सांगितले की, बजाज ऑटोने तीन वाहिन्यांना काळ्या यादीत टाकले आहे. समाजात विष पसरवणाऱ्या गोष्टींशी आपल्या ब्रँडचे नाव जोडले जाऊ नये, ही त्यांची भूमिका. पणजोबांनी दार उघडले होते. पणतूने थैलीचे तोंड आवळले. यात स्वार्थ आहे, हे उघड आहे. मोटारसायकल विकणाऱ्याला गिऱ्हाइकाची जात किंवा धर्म विचारून धंदा करता येत नाही. पण स्वार्थातून शहाणपण आले म्हणून ते नाकारावे, असे मला वाटत नाही. भडक चर्चेचा खर्च जाहिरातदारच भागवतो, हे निदान एका जाहिरातदाराने उघडपणे मान्य केले.

तरीही या किल्लीने सगळी कुलुपे उघडत नाहीत. ३० जुलै २०१८ रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनाला चाकणमध्ये हिंसक वळण लागले, बसगाड्या जळाल्या. गावोगावची, परप्रांतांतली माणसे या पट्ट्यात एकाच लाइनवर खांद्याला खांदा लावून काम करतात; पण पाळी सुटली की जो तो आपापल्या वस्तीत परततो, आणि तिथे कंपनीचा शब्द चालत नाही.

आणि जिथे चालतो तिथे? जून २०१३मध्ये बजाजच्याच चाकण कारखान्यात कामगारांनी काम थांबवले. त्यांची एक मागणी कामगार चळवळीत क्वचितच ऐकू येणारी होती : प्रत्येकाला कंपनीचे ५०० शेअर, एक रुपया दराने. पगारवाढ सगळेच मागतात. इथे मालकीतला वाटा मागितला होता. हेही एक दारच. त्याची किल्ली पुन्हा मालकाच्याच हाती होती, आणि मला तरी वर्ध्याच्या दारापेक्षा हे दार जड वाटते. व्यवस्थापनाने मागणी फेटाळली. सुमारे ५० दिवसांनी, ऑगस्टमध्ये, कामगार शेअर न मिळताच कामावर परतले.